न वाजणारं खोकं

आमच्या पहिल्या खोक्यातून अकरा मोजे निघाले. अकरा! म्हणजे जोड्याही धड नाहीत. सोबत मोबाईलचं एक कव्हर, तेही अशा मोबाईलचं, जो आमच्या अख्ख्या इमारतीत कोणाकडे नाही. मी मोज्यांकडे बघतेय, आमचे हे माझ्याकडे बघतायत आणि मिशीतल्या मिशीत हसतायत.

"हसा," मी म्हटलं, "तुमच्यासाठीच घेतलेत. एक पाय वाढवा आता."

खिडकीजवळच्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "कापडच होतं ते. वाजत कुठे होतं?"

आम्ही दोघांनीही वळून बघितलं. मोज्यांमुळे नाही, त्या बोलल्या म्हणून. दोन महिने त्या घरात 'हो', 'नको' आणि 'जेवले' ह्यापलीकडे काही बोललेल्या नव्हत्या.

का ते सांगायला हवं, आणि ते सांगताना माझीच मान खाली जाते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं, शेवटी उजेड आणि अंधार एवढंच राहिलं. तरी त्या ओट्याशी उभ्या राहायच्या. सकाळचा चहा त्यांचा, दूध तापवणं त्यांचं, फोडणीसुद्धा आवाजावर. मोहरी तडतडली की हात बरोबर हिंगाच्या डबीवर जायचा. एका सकाळी दूध उतू गेलं, खालचा बर्नर विझला आणि गॅस तसाच सुरू राहिला. मी आंघोळीला गेलेले. बाहेर आले तर घरभर वास. खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, कोणाला काही झालं नाही. पण माझं तोंड! मी कोपरीची, स्टेशनाला लागून असलेल्या चाळीतली. आवाज चढवल्याशिवाय आमचं तिथे कोणाला ऐकूच जायचं नाही. मी ओरडले, "बास आता! तुम्ही पुन्हा ओट्याशी यायचं नाही. दिसत नाही तर बसा ना एका जागी!"

त्या एका जागी बसल्या. खरंच बसल्या. आठवड्याने मुलाला म्हणाल्या, "बदलापूरच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे, स्वच्छ आहे म्हणतात. तिथला फॉर्म आण." ह्यांनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग आईंनी तीनदा म्हटल्यावर आणला. ह्यांच्याकडूनच त्यांनी तो भरून घेतला, बोटाने जागा चाचपून खाली सही केली आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. "दसरा झाला की जाते," त्या म्हणाल्या. "ऐन सणात नको."

मी माफी मागायला हवी होती, कळत होतं मला. पण माझं असं आहे, भांडायचं म्हटलं की शब्द रांग लावून उभे राहतात आणि माफी मागायची म्हटली की एकसुद्धा सापडत नाही. रोज ठरवायचे आणि रोज नुसतं ताट वाढून बाजूला व्हायचे. त्याही जेवून 'जेवले' म्हणायच्या. त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायच्या, चौकटीला हात लावून थांबायच्या आणि पेला पुढे करायच्या. आत पाऊल टाकायच्या नाहीत.

तर मोजे.

मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. कोपर स्टेशनच्या आजूबाजूला दहा-बारा इमारतींच्या साड्या माझ्याकडे येतात, आणि साडीबरोबर बातम्याही येतात. अशाच एका बाईने मला कळव्याच्या ताईंचं सांगितलं. ह्या ताई म्हणजे तिथल्या मूळच्या घरातल्या. आजे-पणजे खाडीवर मीठ पिकवायचे, आता त्याच जमिनीवर ह्यांचे गाळे आहेत. एका गाळ्यात त्या गोणीच्या गोणी माल घेतात. लोक ऑनलाईन मागवतात, मग बसत नाही, आवडत नाही, घरी कोणी नसतं, असं करून परत गेलेला माल. गोणी फोडायची, त्यातल्या पाच-सहा वस्तू एका खोक्यात भरायच्या, वर चिकटपट्टी मारायची, झालं सरप्राइज बॉक्स. आत काय आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नाही.

मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तीन वाजता ताई मोबाईल लावून लाईव्ह यायच्या. खोकं उचलायच्या, चारी बाजू दाखवायच्या आणि माईकजवळ धरून तीनदा हलवायच्या. चौथ्यांदा नाही, कोणी कितीही विनवण्या केल्या तरी नाही. मग बोली. आपण आकडा लिहायचा, पलीकडून दुसरीने वाढवायचा, आणि थांबला की ताई चमच्याने ताटली वाजवायच्या. ताटली वाजली की खोकं तुमचं. संध्याकाळी त्यांचे मिस्टर स्कूटरवरून आणून द्यायचे. दुपारी तीन ही वेळ कोणी शोधून काढली ठाऊक नाही, पण तिला मानलं पाहिजे. भांडी झालेली, चहा व्हायचा, नवरा कामावर. बाईमाणूस तेवढा एक तास स्वतःचं असतं.

मोज्यांच्या पुढच्या मंगळवारी मी मोबाईल मुद्दाम आईंच्या खाटेवर ठेवला आणि मशीनवर बसल्याचं सोंग केलं. पहिलं खोकं हललं. आई गप्प. दुसरं हललं. आई म्हणाल्या, "हे नको. काचेचं होतं, आत फुटलंय." तिसरं हललं तशी त्यांनी मान किंचित वाकडी केली.

"हं," त्या म्हणाल्या. "बांगड्या नव्हेत. पातळ आहे, पुष्कळ आहे, एकमेकांत बसणारं आहे. मापाच्या चमच्यांचा जुडगा असेल. आणि खाली काहीतरी जड, ते सरकत नाहीये. घे."

घेतलं. संध्याकाळी उघडलं. मापाचे चमचे, रिंगेत ओवलेले. आणि खाली पाटावरवंटा नाही म्हणून लोक घेतात तो छोटा दगडी खलबत्ता, नवाकोरा.

मला आश्चर्य वाटायला नको होतं. आईंचा कान मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाहिलेला. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून झाला की खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा मध्ये आणतात, हलवतात, आणि बाकीच्या विचारत बसतात, गोड का तिखट, ओली का कोरडी. आई काही विचारायच्या नाहीत. डबा हलला की म्हणायच्या, "वाटली डाळ. वर खोबरं घातलंय. आणि मीठ कमी आहे." मीठ काय वाजतं का? सगळ्या हसायच्या, आणि चाखून बघितलं की मीठ कमीच असायचं. एकदा एकीने मुद्दाम डब्यात रुमाल कोंबून त्यात लाडू बसवले. डबा हलवला तर आवाजच नाही. आईंनी दोन क्षण वाट पाहिली आणि म्हणाल्या, "ही लबाडी आहे. डब्याला बोलूच दिलं नाहीस तर मी ऐकू काय?" पण लाडू म्हणून सांगितलंच.

तर ते कान घरात असताना मी मोजे घेत होते!

मग आमची गाडी सुरू झाली. आई ऐकायच्या, मी आकडा लिहायची. श्रावणभर आम्ही एकही वाया खोकं घेतलं नाही. त्यांनी बटणं ओळखली, घुंगरू ओळखले, मटाराच्या शेंगा सोलायचं ते प्लास्टिकचं यंत्र ओळखलं जे मी डोळ्यांनी बघूनही ओळखलं नव्हतं. एकदा मी हौसेने लाईव्हमध्ये लिहिलं की आमच्या सासूबाई ऐकून सांगतात. झालं! ताई खोकं हलवायच्या आणि विचारायच्या, "काय गो आजे, कान काय बोलतो?" मी आईंचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. घाटकोपरपासून टिटवाळ्यापर्यंतच्या बायका आईंच्या उत्तराची वाट बघत बसायच्या.

आणि आई? मंगळवारी दुपारी अडीच वाजता त्या साडी बदलायला लागल्या. मोबाईलमध्ये त्या कोणाला दिसत नव्हत्या, त्यांना कोणी दिसत नव्हतं, पण साडी इस्त्रीची हवी. मी म्हटलं, "आई, तुम्हाला बघतंय कोण?" म्हणाल्या, "तू बघतेस ना?"

निघालेल्या वस्तूंतलं लागेल ते ठेवायचं, बाकीचं करायचं काय? तेव्हा आईंनीच सुचवलं की आपणही खोकी भरावीत आणि ताईंकडे लिलावाला द्यावीत. त्यांचा नियम ठरलेला: एका खोक्यात एक वाजणारं, एक न वाजणारं आणि एक खायचं. "नुसत्या वस्तू निघाल्या तर बाईचा हिरमोड होतो," त्या म्हणायच्या. "चिवड्याची पुडी निघाली की मोजेसुद्धा गोड लागतात." चिवडा मी करायची, त्यांच्या सांगण्याबरहुकूम. त्या स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या आणि मी ओट्याशी. "पोहे अजून कच्चे आहेत, आवाज ओला येतोय. हलव. हं, आता काढ." इतकं जवळ यायच्या, पण आत नाही. मी म्हणणार असायची की या ना आत. जिभेवर यायचं आणि तिथूनच परत जायचं. आमची खोकी लाईव्हमध्ये 'आजीचं खोकं' म्हणून ओळखली जायला लागली आणि ताईंच्या स्वतःच्या खोक्यांहून चढी बोली खायला लागली. ताई आधी फुरंगटल्या, मग म्हणाल्या, "बाय, आजीला सांग, जरा मना पन शिकव."

मला वाटलं, मिटलं. फॉर्मचं नावही कोणी काढत नव्हतं. मी एकदा साड्या लावायच्या निमित्ताने कपाटात बघितलं. होता. तसाच होता, घडी न मोडलेला.

गणपती गेले आणि बिघडलं. एका शनिवारी आई म्हणाल्या, "कात्री आहे." निघाला केसांचा ब्रश. मंगळवारी म्हणाल्या, "लहान मुलाचा खुळखुळा." निघाली टॉर्च. चूक त्यांची नव्हतीच. ताईंनी त्या आठवड्यापासून सगळ्या वस्तू त्या टपटप फुटणाऱ्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायला सुरुवात केलेली, माल फुटतो म्हणून. गुंडाळलेली वस्तू बोलणार कशी? मी आईंना समजावून सांगितलं, प्लास्टिक हातात दिलं, फुगे फोडून दाखवले.

त्या म्हणाल्या, "राहू दे. नाचता येईना अंगण वाकडं. डोळे गेले, आता कान चाललेत, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांना विचारलं, फॉर्मबरोबर फोटो किती लागतात.

मला रडूही आलं आणि रागही आला. राग कोणाचा ते विचारू नका, मला त्या वेळी प्लास्टिकचाही राग येत होता. पुढच्या शनिवारी आईंनी खोकं हलताना ऐकलं आणि त्या अगदी हळू म्हणाल्या, "स्टीलचं वाटतंय. फुलपात्र असेल." बोली लावू नकोस असंही म्हणाल्या. मी लावली. संध्याकाळी खोकं आलं, मी ते स्वयंपाकघरात नेऊन उघडलं आणि आत होतं मोबाईल ठेवायचं स्टँड आणि कुत्र्याचा पट्टा.

दुसऱ्यांनी घेतलेल्या खोक्यांत काय निघालं ते मला नुसतं तोंडाने, खोटंही सांगता आलं असतं. आमच्या खोक्यातली वस्तू आई हातात घ्यायच्या. तेव्हा मी काय केलं, स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले. तिथे एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत न वापरलेली स्टीलची भांडी पडून होती. लग्नापासून मी ती ट्रंक बघत होते. प्रत्येक भांड्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी एका बाईचं नाव घातलेलं. ते नाव ना आईंचं, ना माझं, ना नात्यातल्या कोणाचं. मी समजले होते की असेल कोणीतरी, आहेर करताना स्वतःचंच नाव घालून दिलेली, लोक देतात तसं. म्हटलं, वा! परक्या बाईचं नाव म्हणजे तर फारच छान, परक्याच्या खोक्यातून आल्यासारखं वाटेल. एक फुलपात्र काढलं, धुतलं, पुसलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि खोक्यात ठेवून बाहेर आले.

"आई, उघडा तुम्हीच."

त्यांनी प्लास्टिक सोडवलं. फुलपात्र दोन्ही हातांत धरलं. अंगठा काठावरून फिरला, काठाखाली थांबला, पुन्हा मागे आला.

"फुलपात्रच गं," मग म्हणाल्या.

"म्हटलं नव्हतं मी? कान काही गेले नाहीत तुमचे!" मी एवढ्या जोरात म्हणाले की शेजारीण डोकावली.

माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूष. पुढच्या मंगळवारी आई म्हणाल्या, "वाटी." ट्रंकेतून वाटी आली. शनिवारी म्हणाल्या, "डाव." डाव आला. मग झारा. मग पेला. मी स्टुलावर चढ-उतर करून घामाघूम. आलेली भांडी आई खाटेखाली ठेवून घ्यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "तांब्या असेल का गं?" आणि मला वाटलं, देवा, असू दे रे ट्रंकेत तांब्या. होता! आता कोणालाही संशय आला असता की परत आलेल्या पार्सलांत एकजात स्टीलची भांडी कशी निघतात. मला आला नाही. उलट आईंना नेमकं ट्रंकेत आहे तेच ऐकू येतं, म्हणजे देव माझ्या पाठीशी आहे, असं मी धरून चाललेले.

लाईव्हवाल्या बायकांच्या ग्रुपवर मी फोटोही टाकत होते. दोन फोटो गेल्यावर कळव्याच्या ताईंचा फोन. "बाय, माझ्या गोणीत तांबे नि झारे कुठशी आले? मी असा माल घेतच नाय." मी सगळं सांगितलं. दूध, ओरडणं, फॉर्म, दसरा, सगळं, पहिल्यांदाच कोणाला तरी. मग त्या म्हणाल्या, "बरं. मग पुढच्या बारीला परात काढ. मी पन हलवताना तशीच धरीन."

नवरात्र बसलं. लाईव्हमध्ये बायकांनी ठरवलं की भोंडल्याच्या निमित्ताने खिरापतीचा लिलाव करायचा. प्रत्येकीने एकच खोकं द्यायचं, घरातल्या दुसऱ्या कोणालाही न दाखवता भरलेलं. हलवायचं, सगळ्यांनी ओळखायचं, मग बोली. आई म्हणाल्या, "माझंही एक." आणि मला चक्क बाहेर पाठवलं, बाजारात, कोथिंबीर आणायला. मी परत आले तर खोकं तयार, पट्टी चाचपडत मारलेली, वाकडीतिकडी, पण घट्ट. मी उचललं. चांगलं जड होतं. हलवायला गेले तर म्हणाल्या, "हात काढ."

स्कूटरवरून खोकं कळव्याला गेलं. दसऱ्याला चार दिवस राहिलेले. जायच्या आधी माणूस आपलं सामान वाटतं, मी पाहिलंय. त्यांच्या पाटल्या, सासऱ्यांचं घड्याळ, देव्हाऱ्यातली चांदीची वाटी, सगळं माझ्या डोळ्यापुढे. कपाट उघडून बघावं असं फार वाटलं. पण त्या खाटेवरच बसून होत्या, आणि कपाटाच्या बिजागरीचा आवाज त्यांना ऐकू आला असता.

तीन वाजले. मी दूध तापत ठेवलं, बारीक गॅसवर, म्हटलं लिलाव झाला की चहा टाकू. मोबाईल आमच्या दोघींच्या मध्ये खाटेवर. पाच-सहा खोकी झाली. आई आज एकही ओळखायला गेल्या नाहीत. मग ताईंनी आमचं खोकं उचललं. "हे आजीचं. आता आजीला विचारायचं नाय, बाकीच्यांनी सांगा." त्यांनी ते माईकजवळ धरून हलवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

काही नाही. टक्क आवाज नाही.

बायका लिहायला लागल्या, कापूस, साडी, उशी, एकीने लिहिलं अकरा मोजे. ताई म्हणाल्या, "मोजे एवढे जड?" बोली सुरू झाली. मुंब्र्याची एक होती, तिने पहिल्याच दमात वाढवली. मी वाढवली. उल्हासनगरची तिसरी आली. मी वाढवली. आई मांडीवर हात ठेवून बसलेल्या.

"तू कशाला बोली लावतेस?" त्यांनी विचारलं. "आपलंच खोकं आपणच घ्यायचं?"

"मला हवंय."

"आत काय आहे ठाऊक आहे का?"

"नाही ठाऊक. तरी हवंय." माझा आवाज चढलेला. "तुमच्या घरातलं काही मी बाहेर जाऊ देणार नाही. मुंब्र्याची असो नाहीतर दिल्लीची असो!"

मुंब्र्याचीने अजून दोनदा वाढवली, मी अजून तीनदा. शेवटी तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ताईंनी ताटली वाजवली. त्या दिवशी बहुतेक जरा जास्तच जोरात वाजवली.

मग ताई म्हणाल्या, "आजीचं खोकं मी कळव्याशी उघडत नाय. मिस्टर ते आताच घेऊन निघतायत तुझ्याकडं, वाट बघ." त्या हसल्या आणि लाईव्ह बंद केलं. आम्ही वाट बघत बसलो. दूध मी मध्ये एकदा बंद करून आले, आणि स्कूटर खाली वाजली तसं पुन्हा लावलं.

खोकं मी हॉलमध्येच उघडलं, आईंच्या पुढ्यात, खाली बसून. वर कागदाचे बोळे. बोळ्यांखाली कागदात गुंडाळलेलं फुलपात्र. त्याखाली वाटी, वाटीत बोळा. डाव, झारा, पेला, तांब्या. जे जे मी माळ्यावरून उतरवलेलं ते सगळं, आणि प्रत्येक भांड्याच्या मध्ये कागद खच्चून कोंबलेला.

माझे कान गरम झाले. पकडले गेलेले मी.

"नाव वाच," आई म्हणाल्या.

मी वाचलं.

"कोण ही, ठाऊक आहे?"

"कोणीतरी आहेर केला असेल ना तुमच्या लग्नात..."

"मी," त्या म्हणाल्या. "माहेरचं नाव आहे ते माझं. लग्नात बदललं. आईने भांडीवाल्यासमोर बसून एकेकावर घालून घेतलं होतं, म्हणाली, तिकडे नाव बदलतील, भांडी तरी ओळखतील तुला. मुलगी झाली तर तिला द्यायची म्हणून ठेवलेली. झाला मुलगा."

चोवीस वर्षं मी ह्या घरात आहे. चोवीस वर्षं ती ट्रंक माझ्या डोक्यावर होती. आणि मी त्या नावाला परकी बाई म्हणत होते. ते नाव मी इथे लिहीत नाही, आमच्या दोघींत राहू दे म्हणाल्यात त्या.

"म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं तुम्हाला?"

"अंगठा लागला आणि कळलं. आधी संताप आला. म्हटलं, ही मला आंधळी समजून फसवते. मग म्हटलं, अगं, ही फटकळ बाई, खोटं बोलायचं तर हिला येतही नाही, आणि ही माझ्यासाठी स्टुलावर चढते? गुडघे दुखतात हिचे. म्हणून दुसऱ्यांदा वाटी सांगितली. बघू या चढते का. चढलीस. मग मला मजाच यायला लागली." त्या हसल्या. "परात राहिली बघ. परात सांगणार होते."

"आणि आज ती मुंब्र्याची जिंकली असती तर?"

"तर गेली असती भांडी तिच्याकडे. तेवढं मला बघायचंच होतं."

रडताना माझा चेहरा फार वाईट दिसतो, पण तिथे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून मी मनसोक्त रडले. डोळे पुसायला समोरचा बोळा उचलला. छापील कागद होता. उलगडला. वर वृद्धाश्रमाचं नाव, खाली ह्यांच्या अक्षरात वय, पत्ता, आजार, आणि तळाशी आईंची वाकडी सही, अर्धी फाटलेली. दुसरा बोळा उलगडला, त्याचंच दुसरं पान. फोटो चिकटवायची चौकट वाटीत होती.

"वाजू द्यायचं नव्हतं ना," आई म्हणाल्या. "लबाडी केली मी. रद्दी पुरली नाही आणि घरात दुसरा जाड कागद सापडला नाही."

"आई," मी म्हटलं. "त्या दिवशी मी जे बोलले..."

तेवढ्यात त्यांनी मान वाकडी केली. मला काही ऐकू आलं नव्हतं. त्या उठल्या, भिंतीला बोटं लावत गेल्या, चौकटीपाशी आल्या आणि न थांबता आत गेल्या. मग मला ऐकू आलं, चर्र करून. मी धावले. दूध पातेल्यावरून उतरून ओटाभर झालेलं आणि आईंचा हात बटणावर होता. गॅस बंद.

"ओट्याशी कोण होतं आत्ता?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बास आता," त्या म्हणाल्या, अगदी माझ्याच आवाजात, कोपरीच्या. "तू पुन्हा ओट्याशी यायचं नाही. बस एका जागी."

मी तिथेच फरशीवर बसले. त्यांनी फडकं शोधलं, ओटा पुसला आणि चहाचं आधण ठेवलं.